नापास तबकडी

१

मंगळवारी दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी इवो लेनार्ट्सच्या हातातून कॉफीचा कप निसटला. खोलीत चौघं जण होते, पण फुटलेल्या कपाकडे एकानेही पाहिलं नाही.

रेडिओवर टॉप तीसची यादी चालू होती. निवेदक घसा फोडून ओरडत होता, "थेट दुसऱ्या नंबरवर उडी! कोबाल्ट यांचं 'बेटॉन'!" आणि त्यापाठोपाठ जे वाजू लागलं ते ऐकून इवोच्या पायाखालची जमीन सरकली. ती चाल त्याची होती. अख्खा हिवाळा बापाच्या बेकरीवरच्या या खोलीत बसून त्याने ती बांधली होती. 'ट्राम सात' असं तिचं नाव होतं आणि येत्या शुक्रवारी ती दुकानांत जायची होती. गाण्यात शब्द असे नव्हतेच, नुसतं 'हे-या, हो-या'. ते आनीकने गायलं होतं. रेडिओवरचं गाणं मात्र संथ होतं, वर जडजड ढोल चढवले होते आणि आनीकच्या जागी कुणा पुरुषाचा खर्जातला आवाज घुमत होता.

"हे आपलं आहे," आनीक म्हणाली. तिचा स्वतःच्या कानांवर विश्वास बसत नव्हता.

"आपलं होतं," लीवनने दुरुस्ती केली. यंत्रं, तारा आणि टेपा हे लीवनचं खातं. बोलणं कायम तिरकं.

इवोने फोन उचलला. 'बेटॉन' काढणारा ब्रुसेल्सचा दानी व्हान होव त्याच्या ओळखीचा होता. या देशात अशी गाणी आठवड्याला वीस निघायची, सगळे सगळ्यांना ओळखायचे. दानी पलीकडून इतक्या जोरात बोलत होता की कोपऱ्यात बसलेल्या आनीकच्या मावशीला, आलिदालासुद्धा शब्द न् शब्द ऐकू येत होता.

"तुझं? अरे वा! माझी तबकडी दुकानात आहे, तुझी कुठे आहे? शुक्रवारी तुझी बाहेर येऊ दे, मग चोर कोण ते कोर्टच ठरवेल!"

इवोने फोन आदळला. मग त्याने टेबलाच्या खणातून पांढऱ्या कोऱ्या लेबलाची तबकडी काढली.

"कारखान्यातून नमुन्याच्या तीन तबकड्या आल्या. ही माझी. लीवन, तुझी?"

लीवनने कपाटाच्या दिशेने हनुवटी उडवली. तबकडी तिथे होती.

"आणि आनीक, तुझी कुठे आहे?"

आनीकचा चेहरा पांढराफटक पडला. "माझ्याकडे नाही."

"कुणाला दिलीस?"

"ते मी सांगणार नाही."

"गुरुवारी दुपारपर्यंत सांग," इवो म्हणाला. "नाही तर कव्हरवरून तुझं नाव काढतो. आणि का काढलं असं कुणी विचारलं, तर लपवणार नाही. ब्रुसेल्सपासून इथपर्यंत एकही माणूस तुला माइकसमोर उभी करणार नाही, हे लिहून ठेव."

आनीकने मावशीकडे पाहिलं.

२

आलिदा क्लास एकतीस वर्षं ऐकण्याची नोकरी करत होती. हसण्यासारखं काही नाही, ही खरीखुरी नोकरी आहे. सिंट-ट्रुइडनच्या बाहेर तबकड्यांचा कारखाना होता. तिथे नवा साचा तयार झाला की आधी पाच नमुने काढत आणि ते आलिदाच्या टेबलावर येत. हेडफोन लावून ती पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐके. कुठे खरखर, कुठे टिचकी, कुठे आवाज डुगडुगतोय, सगळं वहीत लिही. साचा नापास झाला तर खिळा घेऊन प्रत्येक नमुन्यावर मधल्या भोकापासून कडेपर्यंत रेघ मारी, म्हणजे ती तबकडी पुन्हा वाजवायची सोय नाही. मग वहीत आकडा आणि सही. प्रार्थना, पोल्का, अकॉर्डियन आणि आताचं हे धडामधुडूम, सगळं त्या कानांखालून गेलं होतं. पेन्शनला आठ महिने उरले होते.

रेघ मारलेला माल ती आणि तिच्या मैत्रिणी घरी न्यायच्या. या भागातल्या निम्म्या चेरीच्या झाडांवर आलिदाने नापास केलेल्या तबकड्या दोऱ्याने लटकत. वाऱ्यावर फिरून चकाकल्या की मैना जवळ येत नाहीत.

आनीक ही तिच्या मेलेल्या बहिणीची मुलगी. आलिदानेच तिला सहाव्या वर्षापासून वाढवलं होतं. त्यामुळे त्या मंगळवारी आनीक पाय आपटत जिना उतरून गेल्यावर आलिदा जागची हलली नाही. तिने कोट काढला आणि खुर्ची पुढे ओढली.

"इवो, दोन दिवस मला दे. कुणी केलं ते मी शोधते."

"शोधायचं काय त्यात, आलिदाबाई? तीनच तबकड्या आहेत."

"आणि मूळ टेप?"

"कपाटात, कुलपाखाली. एक किल्ली माझ्याकडे, एक लीवनकडे."

"मग तुम्ही दोघंही यादीत आहात," आलिदा शांतपणे म्हणाली.

इवो उसळला. "मी? माझंच गाणं मी विकीन?"

"विकलंस असं म्हटलं नाही. सांगितलंस कुणाला? वाजवून दाखवलंस?"

"माझ्या बापालासुद्धा ऐकवलं नाही. तो खाली पाव भाजतो तरी!" इवो आता येरझाऱ्या घालत होता. "आणि एक आठवडा तुमच्या कारखान्यानेच घालवला. नाही तर आधी आमचीच तबकडी दुकानात असती."

"पहिल्या साच्यात दोष होता. मी नापास केला. दुसरा केला, तो स्वच्छ निघाला, त्यातल्या तीन तुला आल्या."

"मग पहिल्यातलंच काही बाहेर गेलं नसेल कशावरून?"

"पाच नमुने, पाच रेघा," आलिदा म्हणाली. "दहा मेच्या पानावर बघ. माझी सही आहे."

वहीत तसंच लिहिलं होतं, आणि आलिदाच्या वहीवर आजवर कुणी बोट ठेवलं नव्हतं.

लीवन तारा गुंडाळत सगळं ऐकत होता. आलिदा त्याच्याकडे वळली.

"तू ब्रुसेल्सला मोठ्या स्टुडिओत जाणार आहेस म्हणे."

"जाणार होतो. हेही तुमच्याच कानांनी ऐकलं का?"

"दानीच्या?"

"दानीच्या स्टुडिओत उंदीर आहेत. मी माणसांबरोबर काम करतो." मग तो जरा गंभीर झाला. "हे बघा आलिदाबाई, चोर हुशार आहे. चाल तशीच घेतली, वेग कमी केला, गाणं चार पट्ट्या खाली उतरवलं, बाईचा पुरुष केला. आपण कोर्टात गेलो तर तो म्हणणार, कुठे सारखं आहे? आणि वर तो 'टक्' घातलाय, त्याला तर मानलं मी."

"कुठला टक्?"

"ऐकलं नाहीत? तिसऱ्या 'हो' नंतर लाकडावर लाकूड आपटल्यासारखा वाजतो. दर वेळी. नाचघरात सगळे नेमके तिथे टाळी देतात. अर्धं गाणं त्या टक्-वर चाललंय."

खाली बेकरीतही रेडिओ चालू होता. आलिदा जिना उतरली तेव्हा एक जाडजूड बाई चेरी भरलेला व्ला केक बांधून घेत होती. गाण्यात ती जागा आली आणि बाईने काउंटरवर थाप मारली. तिच्या नकळतच मारली असावी.

३

आनीक स्वयंपाकघरात बटाटे सोलत होती. सालीबरोबर निम्मा बटाटा कचऱ्यात चालला होता.

"इकडे दे," आलिदा म्हणाली.

"नको."

आलिदा समोर बसली. या मुलीच्या आवाजाचा तिला किती अभिमान होता, हे तिने आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. आनीकलाही नाही. या घरात कौतुक तोंडावर करायची पद्धत नव्हती.

"आनीक, तबकडी कुठे आहे?"

"एका माणसाला दिली."

"कुठल्या माणसाला?"

"त्याचा या सगळ्याशी काही संबंध नाही. दानीला तो ओळखतही नाही."

"हे तू कशावरून सांगतेस?"

"मला माहीत आहे म्हणून!"

आलिदाने हात टेबलावर ठेवले. हा प्रश्न विचारायचा नाही असं ती बेकरीपासून घरापर्यंत स्वतःला बजावत आली होती. "आनीक, खरं सांग. तू तर नाही ना केलंस?"

सुरी थांबली. आनीकने मान वर केली. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, आणि त्याचीच आलिदाला जास्त भीती वाटली. एखाद्या परक्या बाईने रस्त्यात थोबाडीत मारावी, तशी ती मावशीकडे बघत होती.

"तू विचारलंस हे?" ती म्हणाली. "तू?"

बटाटे तिथेच टाकून ती आपल्या खोलीत गेली आणि आतून कडी घातली.

४

बुधवारी दोन वाजता पाळी सुटल्यावर आलिदाने बाजारातल्या दुकानातून 'बेटॉन' विकत घेतली. कव्हरवर काळा चष्मा घातलेला एक टकलू सिमेंटच्या भिंतीला टेकून उभा होता. दुकानदार म्हणाला, "शेवटून दुसरी. पुढच्या मंगळवारी पहिला नंबर पक्का."

घरी तिने इवोकडून मागून आणलेली 'ट्राम सात' एकदा ऐकली आणि मग 'बेटॉन' लावली. ही मिनिटाला तेहतीस फेऱ्यांच्या वेगाने वाजवायची होती, 'ट्राम सात' पंचेचाळीसच्या. डोळे मिटून, हेडफोन दाबून, कारखान्यात ऐकायची तशीच ती ऐकू लागली.

चार पट्ट्या खाली, असं लीवन म्हणाला होता. आलिदाने शेजारच्या खोलीतल्या जुन्या पियानोवर बोट ठेवून पाहिलं. चारला बसेना. तीनलाही बसेना. चौथ्या पट्टीच्या किंचित वर, कुठल्याच पट्टीवर नाही असं ते गाणं अधांतरी तरंगत होतं.

तिच्या कपाळावर आठी पडली. चोरी लपवायला कुणी गाणं खाली उतरवलं, तर तो एखाद्या पट्टीवर उतरवेल. दोन पट्ट्यांच्या मधल्या फटीत कोण उतरवेल? मुद्दाम कुणीच नाही. असं एकाच प्रकारे होतं: गाणं पुन्हा वाजवलेलंच नाही, वाजणारी तबकडीच हळू फिरवली आहे.

हळू फिरवणं या देशात नवीन नव्हतं. पंचेचाळीसची तबकडी तेहतीसवर लावायची आणि बाजूची सरकपट्टी टोकापर्यंत वर ढकलून थोडा वेग परत द्यायचा, ही नाचघरांतली जुनी खोड होती. कितीतरी गाणी लोकांना अशीच माहीत होती, त्यांचा खरा वेग ऐकला तर ओळखलीही नसती. समजा, इथेही तेच झालं असेल. मग उलटं करून बघायला काय हरकत आहे?

आलिदाने 'बेटॉन' पंचेचाळीसवर टाकली. सरकपट्टी खाली ओढली, पार तळापर्यंत. सुई ठेवली.

ढोल गडबडीने धावू लागले. आणि त्या ढोलांच्या खालून, काळ्या चष्म्याच्या त्या टकल्या पुरुषाच्या नरड्यातून, आनीक गाऊ लागली.

आनीकसारखी कुणी नव्हे, आनीकच. तिसऱ्या ओळीआधीचा तो छोटा श्वास, 'हे' म्हणताना उगाच ताणलेला तो स्वर, सर्दी झालेल्या दिवशी गायल्यामुळे नाकात अडकलेला तो शेवट. सगळा देश त्या संथ खर्जावर नाचत होता, आणि तो आवाज तिच्या स्वयंपाकघरात बटाटे सोलणाऱ्या मुलीचा होता!

ती खुर्चीवरून उठणार, एवढ्यात तिसरा 'हो' आला आणि त्यामागे तो टक् वाजला.

खऱ्या वेगात तो लाकडाचा आवाज राहिला नव्हता. बारीक, कोरडी, नखाने काच उडवावी तशी टिचकी होती. ती आलिदाला तोंडपाठ होती. ती टिचकी तिने दहा मेला टेबलावर बसून पाच वेळा, प्रत्येक नमुन्यावर एकदाच, ऐकली होती आणि तिच्यासाठीच साचा नापास केला होता; तोच तुकडा पुन्हा पुन्हा जोडल्यामुळे आता ती दर वेळी येत होती. इवोने ती कधी ऐकली नव्हती, लीवनने नाही, आनीकने नाही. त्यांच्या तिन्ही तबकड्या दुसऱ्या, स्वच्छ साच्यातल्या होत्या.

म्हणजे चोरीचा माल बेकरीवरून गेलाच नव्हता. तो कारखान्यातून गेला होता. रेघ मारून मोडीत काढलेल्या पाचांपैकी एक तबकडी वाजत होती.

आणि ती कुठली, हे आता आलिदाला आठवलं. तिने सुई उचलून ठेवली.

चार रेघा तिने मारल्या होत्या. पाचव्या तबकडीवर खिळा टेकवला तेव्हा हेडफोनमधून आनीकचा आवाज अजून चालू होता, आणि आलिदाचा हात धजावला नाही. त्या आवाजावरून खिळा ओढणं तिला जमेना. कुणी बघत नव्हतं. नाही तरी झाडावरच लटकणार, असं म्हणून तिने ती चारांच्या मध्ये सरकवली आणि वहीत लिहिलं: पाच. त्यानंतर तिने स्वतःसुद्धा पाचच धरल्या होत्या.

५

फर्मां बोलेनच्या बागेत चेरी पिकायला आली होती. फर्मां सत्तरीचा गडी, बोर्खलोनच्या 'दे क्रीक' नाचघरात दर रविवारी दुपारी वयस्कर जोडप्यांसाठी तबकड्या वाजवायचा. दर मे महिन्यात मैना हाकलायला आलिदा त्याला नापास तबकड्यांचा गठ्ठा द्यायची. गुरुवारी पाळी संपताच ती सायकलवरून थेट तिथे पोचली.

"फर्मां, या वेळच्या गठ्ठ्यात किती होत्या?"

"कॉफी नाही, नमस्कार नाही, एकदम हिशेब?" फर्मां शिडीवरून उतरत हसला. मग तिचा चेहरा बघून हसणं थांबलं. "पाच. चार तिकडे लटकल्यात."

"पाचवी?"

फर्मांने टोपी मागे सारली आणि मान खाजवली. "तिच्यावर रेघ नव्हती. म्हटलं, आलिदाचा हात चुकला! एकतीस वर्षांत पहिल्यांदा! म्हणून उत्सुकतेने लावून बघितली. गाणं झकास, पण पळतंय किती. माझ्या लोकांचे गुडघे बघितलेस ना? मग तेहतीसवर टाकलं, सरकपट्टी वर केली. काय सांगू तुला, आलिदा, अख्खं नाचघर जागच्या जागी थबकलं आणि मग कुणी खाली बसायलाच तयार नाही. पाच वेळा लावलं."

"तिथे दानी व्हान होव होता?"

"ब्रुसेल्सचा तो पोरगा? तो आईला घेऊन येतो ना कधीकधी. गुणी आहे. त्याने विचारलं, हे कुणाचं आहे?"

"आणि तू काय सांगितलंस?"

फर्मां जरासा लाजला. "आमच्यात कुणी खरं सांगतं का? चांगली तबकडी हाती लागली की लेबल झाकायचं आणि थाप मारायची, नाही तर पुढच्या रविवारी दुसराच वाजवतो. म्हटलं, अमेरिकेतली जुनी आहे, जगात एवढी एकच उरली."

"आणि गायक?"

"वारला म्हणालो. वीस वर्षांपूर्वी. असं म्हटलं की लोक जरा आदराने ऐकतात."

आलिदाने सायकलचा दांडा घट्ट धरला. म्हणजे दानीने कुणाचं गाणं चोरलं हे दानीलाही माहीत नव्हतं. एका मेलेल्या, बेवारस अमेरिकन पुरुषाचा आवाज आपण उचलला, असंच तो समजत होता.

"तबकडी कुठे आहे आता?"

"आईसाठी कॅसेट भरून घेतो म्हणून घेऊन गेला. परत काही आणली नाही." फर्मांच्या डोक्यात आता कुठे प्रकाश पडत होता. "आलिदा, रेडिओवर ते सारखं वाजतंय, ते माझंच रविवारचं गाणं आहे की काय? ढोलांमुळे मला... अरे देवा. कोण आहे मग तो गायक?"

"आमची आनीक आहे ती."



६

चारच्या सुमारास बेकरीवरच्या खोलीत चौघं पुन्हा जमले. आनीक दाराजवळ उभी होती, अंगातला कोटसुद्धा न काढता. इवोच्या टेबलावर कव्हरचा छापायचा कागद होता आणि त्याच्या हातात पेन्सिल.

"बोल, आनीक," तो म्हणाला.

"आधी मी बोलते," आलिदा म्हणाली.

तिने 'बेटॉन' पंचेचाळीसवर लावली आणि सरकपट्टी खाली ओढली. आनीकचा आवाज खोलीत भरला. इवोचा वासलेला आ मिटेना. लीवनने दोन्ही हात डोक्याला लावले.

"चाल ओळखली, पण ही आपलीच तबकडी वाजतेय हे नाही ओळखलं मी," इवो पुटपुटला. "ढोल ऐकत बसलो!"

"हा मी आहे?" आनीकने विचारलं आणि जीभ चावली. "म्हणजे ही मी आहे? तो टकल्या?"

"टकल्याने नुसता फोटो काढून घेतला. पुढे ऐका." टिचकी वाजली तशी आलिदाने सुई उचलली. "ही तुमच्या तिन्ही तबकड्यांत नाही. लावून बघा. मूळ टेपमध्येही नाही. ही फक्त पहिल्या साच्यात होती. म्हणजे या खोलीतल्या कुणीही काहीही केलेलं नाही."

मग तिने खिळ्याचं, वहीचं आणि फर्मांचं, सगळं न थांबता सांगितलं. खाली भट्टीचं दार आदळल्याचा आवाज आला.

पहिला तोंड उघडणारा लीवन होता, आणि पहिल्यांदाच सरळ बोलत होता. "आलिदाबाई, पण दानी म्हणेल, तुम्हीच माझं गाणं घेऊन पळवलंत. त्याची तबकडी आधी आली."

"म्हणूनच ही टिचकी महत्त्वाची. वहीत दहा मे तारीख आहे, टिचकी नेमकी कितव्या सेकंदाला तेही आहे. बेटॉन बाजारात यायच्या महिनाभर आधी. त्याच्या गाण्यात आमच्या साच्याचा दोष आला कुठून, याला त्याच्याकडे उत्तर नाही."

"पण वहीत पाचही मोडल्या असं लिहिलंय," इवो हळूच म्हणाला.

"हो. म्हणून ही वही एकटी पुरणार नाही. ते खोटं आहे असं मला लिहून द्यावं लागेल." तिने पिशवीतून घडी केलेला कागद काढला. "दिलं आहे. उद्या सकाळी एक प्रत कारखान्यात जाईल."

पेन्शन आठ महिन्यांवर असलेल्या बाईने खोटी नोंद केल्याचं स्वतःच्या सहीने कबूल करायचं, याचा अर्थ खोलीतल्या सगळ्यांना कळत होता. आनीकने पुढे होऊन कागद घेतला आणि मोठ्याने वाचू लागली. मध्येच अडखळली.

"'...पाचव्या तबकडीवर मी जाणूनबुजून रेघ मारली नाही, कारण त्यावर माझ्या भाचीचा आवाज होता.' हे काढ. विसरले म्हण. विसरलेल्याला समज देऊन सोडतात, मुद्दाम केलेल्याला घरी पाठवतात."

"विसरलेल्या बाईला चार रेघा मारल्या की पाच, हे कसं आठवेल? दानीचा वकील पहिला प्रश्न हाच विचारेल. टिचकी ऐकल्यावर मला एक एक रेघ आठवली, कारण मी मुद्दाम केलं. ते वाक्य गेलं की सगळंच गेलं. मग संशय पुन्हा तुझ्यावर."

इवोने पेन्सिल खाली ठेवली. "आनीक, माझं चुकलं. मी..."

"तुझं राहू दे," आनीक म्हणाली. "तू घाबरला होतास. माझी तबकडी शार्लरुआला आहे. बाबांकडे. त्यांनी कधी मला गाताना ऐकलं नव्हतं." हे ती इवोला सांगत होती, पण बघत होती मावशीकडे. बारा वर्षांत त्या माणसाचं नाव आलिदाच्या घरात निघालं नव्हतं, काढायची कुणाची हिंमत नव्हती. आलिदाला ते लागलं, तरी ती नुसती मान हलवत राहिली.

"आता मला एक सांग," आनीक म्हणाली. "इवोने संशय घेतला, तो परका. तू का घेतलास?"

 

"वहीत पाच लिहिलं होतं म्हणून," आलिदा म्हणाली. "मीच लिहिलेलं खोटं. मी त्याच्यावर विश्वास ठेवला, आनीक, आणि तुझ्यावर नाही ठेवला."

आनीकने तिला असं बोलताना कधी ऐकलं नव्हतं. तिने कागद टेबलावर ठेवला आणि एकदाचा कोट काढला. मग खुर्ची ओढून मावशीच्या शेजारी बसली आणि टेबलावरचं पेन तिच्यापुढे सरकवलं.

"दुसऱ्या प्रतीवर सही राहिली आहे," ती म्हणाली. "कर. आणि उद्या कारखान्यात तू एकटी जायचं नाहीस, मी येते."